पत्त्यावाचून अडलेली सुटका : दुचाकी चोरीच्या एका पहिल्या गुन्ह्याचे प्रकरण

या प्रकरणातला तरुण म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. पुण्यात पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडते, ते एका प्रकरणात बसवले आहे. रकमा आणि दिवसांची अंतरे नमुन्यादाखल आहेत. कलमे, निकाल आणि कार्यपद्धती खऱ्या आहेत.

परिस्थिती

वय २० वर्षे १ महिना. पर्वती पायथ्याच्या जनता वसाहतीत भाड्याची एक खोली. वडील नाहीत, आई सहकारनगरात चार घरची धुणीभांडी करते, बहीण नववीत. रेशनकार्ड अजून धाराशिव जिल्ह्यातल्या गावचे. भाडे रोखीने, करारनामा नाही, पावती नाही. मुलगा दहावी नापास, लग्नसराईत केटररकडे वाढपी.

एका रात्री सतरा वर्षांच्या मित्राबरोबर त्याने एका मोपेडचे हँडल लॉक तोडले. तीन दिवस गाडी फिरवली, चौथ्या दिवशी स्वारगेटजवळ दोघे नाकाबंदीत सापडले. पंचनाम्यात गाडीची किंमत ३५,००० रुपये. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३(२) : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आधीचा एकही गुन्हा नाही.

मित्र अल्पवयीन, म्हणून तो बाल न्याय मंडळापुढे गेला आणि आईबापांच्या ताब्यात घरी आला. हा येरवडा मध्यवर्ती कारागृहात. कृत्य एकच, वयात तीन वर्षांचे अंतर. (कल्याणीनगरच्या २०२४ च्या अपघातानंतर '३०० शब्दांचा निबंध' एवढेच पुणेकरांच्या डोक्यात बसले आहे आणि तुरुंगाऐवजी काही सुचवले की लोक तो निबंध काढतात. तो अल्पवयीन मुलाच्या जामिनाच्या आदेशातला भाग होता. इथे प्रश्न सज्ञान आरोपीचा आहे आणि त्याचा कायदा निराळा.)

पहिले वळण : अटक

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम ३५(३) ची नोटीस देऊन आरोपीला चौकशीला बोलावता येते आणि अटक केलीच तर कारण लेखी द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार निकालात (२०१४) हेच बजावले. इथे लेखी कारण होते : 'कायमचा पत्ता नाही, फरार होण्याची शक्यता.'

हे कारण खोडायची जागा म्हणजे पहिला रिमांड, म्हणजे अटकेनंतर कोठडी ठरवण्यासाठी न्यायालयापुढे केलेली पहिली हजेरी. आरोपी कोठडीत असला की विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुण्यात हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे लोक अभिरक्षक कार्यालय पाहते. पण त्या वकिलाच्या हाती फाईल पडते ती रिमांडच्या काही मिनिटे आधी. त्या मिनिटांत उपयोगी पडणाऱ्या गोष्टी मोजक्याच : कोर्टात हजर असलेली आई, घरमालकाच्या नावचे लाइट बिल, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. आई त्या वेळी डबा घेऊन पोलिस चौकीबाहेर बसली होती. शिवाजीनगरच्या कोर्टात जायचे असते हे तिला कोणी सांगितले नव्हते. एक दिवस पीसीआर (पोलिस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी).

जामीन मिळाला, सुटका नाही

नवव्या दिवशी जामीन मंजूर झाला : १५,००० रुपयांचा जातमुचलका (स्वतःचे लेखी हमीपत्र), तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार आणि दर सोमवारी सकाळी १० ते १२ पोलिस ठाण्यात हजेरी. आदेशात वावगे काहीच नाही, पण त्या आदेशावर मुलगा आणखी बावीस दिवस आत राहिला.

जामीनदाराकडे मागितले जाते ते साधारण असे : आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा मिळकतकराची पावती, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. शिवाय आपण आणखी किती जणांना जामीन आहोत, याचे घोषणापत्र. वसाहतीतल्या माणसाकडे यातली दोन कागदपत्रे असतात, चार नसतात. नात्यातले जे ऐपतदार ते गावाकडे. सातबारा धाराशिवचा निघाला की 'लोकल जामीनदार आणा'. सर्वोच्च न्यायालयाने या अडवणुकीवर मोतीराम प्रकरणात १९७८ सालीच ताशेरे ओढले आहेत. गवंडीकाम करणाऱ्या आरोपीकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि दिलेला जामीनदार परजिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. चार दशकांहून जास्त काळ लोटला तरी अडचण जिथल्या तिथे आहे.

इथे दोन वाटा उघडतात, दोन्ही वाईट. पहिली म्हणजे पैसे घेऊन जामीनदार उभा करून देणारे. कागद बनावट निघाले की जामीन रद्द होतो आणि वर फसवणुकीचा नवा गुन्हा. दुसरी वाट बराकीतून येते. येरवड्यात क्षमतेच्या दुपटीहून जास्त बंदी आहेत. पहिल्या गुन्ह्यातला मुलगा आणि टोळीतला मुरलेला माणूस एकमेकांपासून फार लांब राहत नाहीत. 'तुझा जामीन आपली पोरं करतील' हे वाक्य तिथे सहज मिळते, आणि ते खरेही ठरते. जामीनदार येतो, मुलगा सुटतो आणि पुढच्या भांडणात त्याला बोलावणे येते. पुण्यात कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांबद्दल खूप बोलले जाते. त्यांतल्या काहींचा पहिला जामीन कोणी भरला, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आमच्या मते पुनर्वसनाच्या साऱ्या खर्चात सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक खर्च या बावीस दिवसांत करायचा असतो. नंतरची समुपदेशने याची भरपाई करू शकत नाहीत.

करायचे काय, याची चौकट सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांकडे जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. मग विधी स्वयंसेवक किंवा परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) बंद्याशी बोलून आर्थिक-सामाजिक अहवाल देतात. महिनाभरात जामीनपत्र सादर झाले नाही तर न्यायालय आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असेही त्यात सुचवले आहे.

गाडी अडते ती सातव्या दिवशी. यादी जाते, पण त्यात 'जामीनदार नाही' एवढेच लिहिलेले असते. ते पुरत नाही. या प्रकरणात विधी स्वयंसेवक वसाहतीत गेला आणि पाच कागद घेऊन आला : घरमालकाचे लाइट बिल व 'हे कुटुंब सहा वर्षांपासून माझ्या खोलीत राहते' असे त्याचे प्रतिज्ञापत्र, बहिणीच्या शाळेचे बोनाफाइड (पत्त्यासह), आई जिथे काम करते त्यांपैकी एका घरचे पत्र आणि केटररचे पत्र. घरमालक आधी सही करायला तयार नव्हता. भाडेकराराची नोंदणी नाही, उद्या आपल्याच गळ्याशी येईल ही त्याची भीती. प्रतिज्ञापत्रात भाड्याचा उल्लेख न करता फक्त वास्तव्याबद्दल लिहिले, तेव्हा तो तयार झाला.

या कागदांवर अट बदलण्याचा अर्ज झाला. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८४ सांगते. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची मुभा कलम ४९० मध्ये आहे. न्यायालयाने जातमुचलका कायम ठेवून जामीनदाराऐवजी ५,००० रुपये रोख घेतले. रक्कम केटररने उचल म्हणून दिली. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आहे (२०२३ मध्ये कच्च्या बंद्यासाठी मर्यादा ४०,००० रुपये होती), पण तिचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीतून जातो. रक्कम लहान असली की अट बदलून घेणेच लवकर होते. एकतिसाव्या दिवशी सुटका.

बाहेर आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

मोबाइल मुद्देमालात जमा. त्यात सिमकार्ड, सिमवर ओटीपी, ओटीपीवर बँक खाते आणि आधार. गाडी चोरल्याच्या गुन्ह्यात मोबाइल कशाला अडकला, याचे समाधानकारक उत्तर बहुधा नसते, पण अंगझडतीत मिळाले ते जप्त होते. उपाय दोन, दोन्ही एकदम करायचे : मोबाइल परत मिळण्यासाठी त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज आणि बोटांचे ठसे देऊन त्याच नंबरचे नवे सिम. मोबाइल मिळेपर्यंत थांबले तर महिना जातो, तोवर मजुरी खात्यावर घेता येत नाही.

काम दोन ठिकाणी मिळत होते. एक ओळखीच्या गॅरेजमध्ये. ते नको म्हटले, आणि बरोबर म्हटले : परिसरात दुचाकी गेली की चौकशी आधी त्याच्याकडे येणार आणि मालक तिसऱ्या चौकशीला त्याला काढणार. दुसरे मार्केट यार्डात भुसार बाजारातल्या गाळ्यावर, वसाहतीपासून चालत जाण्याजोगे. काम सकाळी ८ ते ५. आता सोमवारची हजेरी १० ते १२. म्हणजे आठवड्यातला एक खाडा ठरलेला आणि मालकाला दर सोमवारी कारण सांगणे आले. हजेरीची अट घालताना आरोपी काय काम करतो हे कोणी विचारत नाही, आणि वकीलही त्या क्षणी सुटकेच्या आनंदात असतात. अर्ज करून हजेरी महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी करून घेतली. नोकरी टिकली ती या एका अर्जावर.

कोर्टाच्या तारखांचेही तसेच. गैरहजर राहिले की वॉरंट, वॉरंटवर पुन्हा येरवडा, आणि रोख जामीन जप्त. तारीख ई-कोर्ट्स ॲपवर दिसते. ती आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्येही लिहून ठेवावी. जाणे अशक्यच असेल तर त्याच सकाळी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज.

खटला : वयाचे घड्याळ

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम ६ असे सांगते की जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील आरोपीला न्यायालयाने सहसा कैद देऊ नये. द्यायची तर कारणे नोंदवावीत, आणि निर्णयाआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. कलम ४ (कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका, म्हणजेच परिवीक्षा) कोणत्याही वयाला लागते, पण तिथे न्यायालयाची मर्जी मोठी.

मेख अशी की हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे धरत नाहीत, न्यायालय शिक्षेचा विचार करते त्या दिवसाचे धरतात (रामजी मिसर, १९६३). आपला तरुण अटकेच्या वेळी वीस वर्षे एक महिन्याचा, म्हणजे हातात अकरा महिने. नेहमीच्या गतीने खटला चालला तर तो बावीस-तेवीसचा होईल आणि कलम ६ चे संरक्षण गळून पडेल. उशिराचा फायदा आरोपीला होतो, हा समज इथे उलटा ठरतो.

वयाच्या पुराव्यासाठी आधारवर विसंबू नये. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो गावच्या शाळेतून आणायला वेळ जातो. पहिल्याच महिन्यात मागवावा.

पर्याय असे होते. मालकाने तडजोड केली तर चोरीचा गुन्हा मिटतो आणि आरोपी निर्दोष सुटल्यासारखा होतो. सर्वात स्वच्छ वाट हीच. पण गाडी फिर्यादीच्या भावाच्या नावावर आणि भाऊ आखातात. सहीला येणे नाही. समाजसेवेची शिक्षा कलम ३०३(२) मध्ये आहे, पण चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी, पहिलाच दोष आणि वस्तू परत केलेली असेल तेव्हाच. ३५,००० च्या मोपेडला ती लागत नाही. (जिथे लागते तिथेही किती तास, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली हे कलमात नाही, त्यामुळे सोय आधी हुडकून आदेशाचा मसुदाच न्यायालयापुढे ठेवलेला बरा.)

उरली सर्रास वापरली जाणारी पळवाट : गुन्हा कबूल करायचा आणि 'भोगलेली कैद पुरे' म्हणून त्याच दिवशी सुटायचे. वकिलाचे काम संपते, आरोपी खूश. पण दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्ही नोंदली जातात, आणि परिवीक्षेवर सुटलेल्याला परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ मुळे अन्य कायद्यांखालच्या अपात्रतेपासून जे कवच मिळते, ते इथे मिळत नाही. एका दिवसाची सोय, त्याची किंमत पुढे अनेक वर्षे.

म्हणून निवड झाली ती प्ली बार्गेनिंगची, म्हणजे गुन्हा कबूल करून सरकार पक्ष आणि फिर्यादीशी तोडगा काढण्याची. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात, आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत आरोपी अर्ज करू शकतो. न्यायाधीश त्याच्याशी बंद दाराआड बोलून अर्ज राजीखुशीने केला आहे ना, हे पडताळतात. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, फिर्यादी आणि आरोपी यांना तोडगा काढायला ६० दिवसांपर्यंत मुदत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २९३ नुसार न्यायालय भरपाई ठरवते आणि परिवीक्षेवरही सोडू शकते. बहुतेक अर्ज फसतात ते ३० दिवसांच्या मुदतीमुळे : आरोप निश्चित झाले हेच आरोपीला उमगलेले नसते.

अहवाल

सारे प्रकरण शेवटी परिवीक्षा अधिकाऱ्याच्या दोन-तीन पानांवर टेकते. वाईट अहवाल ओळखायला एक वाक्य पुरे : 'आरोपीची परिस्थिती गरिबीची असून वर्तन चांगले आहे, तरी लाभ द्यावा.' हे कोणाबद्दलही लिहिता येईल, म्हणून न्यायालय ते वाचून बाजूला ठेवते.

चांगला अहवाल असा बोलतो : रात्री दहाच्या भेटीत आरोपी घरी होता, गाळ्याच्या हजेरीवहीत सव्वीसपैकी चोवीस दिवस, केटररची उचल दरमहा १,००० रुपयांनी फेडतो आहे, सहआरोपी मित्राचे कुटुंब आता कात्रजला गेले आहे, शेजारच्या दोन घरांशी बोलणे झाले, एकाचे मत प्रतिकूल आणि त्याचे कारण अमुक. प्रतिकूल मत लपवू नये. ते नोंदवलेला अहवाल विश्वासार्ह वाटतो. फिर्यादीशी बोलावेच : हँडल लॉक आणि पॅनेलचा खर्च ३,८०० रुपये, बिलासह. अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा सारांश आरोपीला देता येतो.

परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ मध्ये पुन्हा तोच जुना अडसर येतो. आरोपीचा किंवा त्याच्या जामीनदाराचा त्या न्यायालयाच्या हद्दीत कायमचा पत्ता किंवा नियमित व्यवसाय असल्याची खात्री पटल्याशिवाय सोडता येत नाही. तो पत्ता त्या पहिल्या बावीस दिवसांतल्या पाच कागदांतून सिद्ध झाला. भुसार बाजारातल्या कामाने व्यवसायाचीही बाजू भरली.

आदेश झाला तेव्हा वय वीस वर्षे दहा महिने : दोन वर्षांचे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र, त्यातले पहिले वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख (कायद्याने एक वर्षाहून कमी ठेवता येत नाही), कलम ५ खाली ३,८०० रुपये भरपाई, न कळवता घर न बदलण्याची अट.

देखरेखीत काय बिघडले

पाचव्या महिन्यात अधिकारी गेला तर खोलीला कुलूप. गणेशोत्सवाआधी पोलिस रेकॉर्डवरच्या लोकांना प्रतिबंधक कारवाईसाठी बोलावतात. त्यात याचेही नाव आले. दोन हवालदार दारात आले आणि घरमालकाने आठवड्यात खोली रिकामी करायला लावली. कुटुंब कोंढव्यात नातेवाइकाकडे गेले. मुलाने कळवले नाही; कळवले तर आत टाकतील, असे त्याला वाटले.

नियमाप्रमाणे हा अटीचा भंग. कलम ९ खाली न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते किंवा पहिल्या भंगाला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकते. इथे अधिकाऱ्याने आधी मार्केट यार्डातल्या गाळ्यावर फोन केला. मुलगा कामावर होता. दुसऱ्या दिवशी नवा पत्ता पाहून कलम ८ खाली अटीत बदलाचा अहवाल दिला आणि प्रकरण तिथेच मिटले. कामाच्या ठिकाणचा नंबर फाईलमध्ये नसता तर वॉरंट निघाले असते. घर जाते, नंबर बदलतो. म्हणून संपर्काच्या तीन जागा लिहून ठेवायच्या : घर, काम आणि न हलणारे एक नातेवाईक.

उत्सवाच्या महिनाभर आधी अधिकाऱ्याने संबंधित पोलिस ठाण्याला पत्र द्यावे की हा तरुण परिवीक्षेवर आहे, अमुक ठिकाणी कामाला आहे, चौकशीसाठी बोलवायचे तर कार्यालयामार्फत बोलवावे. पत्राने कारवाई थांबेलच असे नाही, पण हवालदार दारात येण्याऐवजी फोन येतो आणि घरमालकाला काही कळत नाही.

अनुरक्षण (सुटकेनंतरच्या मदतीच्या) योजना बहुतांशी शिक्षा भोगलेल्या बंद्यांना धरून आखलेल्या आहेत. येरवड्यात २०२२ मध्ये सुरू झालेली राज्य सहकारी बँकेची ५०,००० रुपयांपर्यंतची 'जिव्हाळा' कर्ज योजनाही आत शिक्षा भोगणाऱ्यांसाठी आहे. परिवीक्षेवरच्या तरुणाला त्याचा उपयोग नाही. त्याला मिळते ती ओळखीतून मिळालेली नोकरी, आणि ती चारित्र्य पडताळणीत अडकते.

त्याबद्दल त्याला खरे तेच सांगावे. कलम १२ मुळे अन्य कायद्यांखाली येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने बक्षी राम प्रकरणात (१९९०) हे स्पष्ट केले आहे. नाव टाकले की ई-कोर्ट्सवर खटला कोणालाही दिसतो. डिलिव्हरी कंपन्यांची पडताळणी तिथूनही होते. अर्जात 'दोषसिद्धी आहे का' असा प्रश्न असेल तर 'नाही' लिहू नये. 'आहे, परिवीक्षेवर सुटका' असे लिहून आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी. प्रमाणित प्रती आदेशाच्या आठवड्यातच तीन काढाव्यात : एक घरी, एक परिवीक्षा कार्यालयाच्या फाईलला, एक मालकाकडे. मुदत संपल्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याकडून देखरेख समाधानकारकपणे पूर्ण झाल्याचे पत्र मागून घ्यावे. ते कोणी आपणहून देत नाही. आणि रोख जामिनाचे ५,००० रुपये परत मिळण्याचा अर्ज विसरू नये. केटररची उचल फिटली असली तरी ते पैसे मुलाचे आहेत.